स्वच्छ आवाज

आमची आई सीताबाई, आम्हा भावंडांची अव्वा, जाऊन पंधरा दिवस झाले होते. इचलकरंजीहून माझा थोरला भाऊ अनेकांतअण्णा माझ्या कोल्हापुरातल्या खोलीवर आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, “तुझ्या त्या मशिनीत अव्वा हाय न्हवं? ऐकव की.”

सीमेलगतच्या बोलीवर मी विद्यापीठात संशोधन करते. कुरुंदवाडच्या घरात अव्वाच्या मराठीत कन्नड इतकी मुरलेली होती, की दोन्हींमधली शिवण बोटाला लागत नसे. ती बोली जपावी म्हणूनच गेल्या वर्षी अव्वाला रेकॉर्डरपुढे बसवले होते.

मी ध्वनिमुद्रण लावले.

“माझा जन्म कुरुंदवाड येथे झाला. आम्ही शेती करत होतो.” शब्द संथ, इस्त्री केलेले.

अण्णाने मान वर केली. “ही कोण गं?”

“अव्वा.”

“अव्वा कुठली? ही तूच हायस. तुझ्यागत बोलायलीय ती.”

खरे होते. त्या दिवशी अव्वाने ठेवणीतले पातळ नेसले होते, आणि त्याच्याबरोबर ठेवणीतली भाषाही. कॉलेजच्या प्रत्येक सुट्टीत मी घरी आणलेली, तिचे वाक्यन्वाक्य दुरुस्त करत तिच्या तोंडी बसवलेली.

“आन् मधी? च्या-बी झाला आसंल की.”

झाला होता. यंत्र चालूच राहिले होते. “काय करायलीस गं त्ये डबडं धरून? च्या निवायलाय, पी की आदी! आण्णा येतो म्हणून सांगितलाय, भाकरी टाकू काय नको?” कपबश्यांचा खडखडाट होता, म्हणून ती चार मिनिटे मी पुसून टाकली होती. विभागाला मुलाखत स्वच्छ हवी होती.

अण्णाला सांगितले. तो रागावला नाही.

“पुसलीस,” तो म्हणाला, आणि तळवा गुडघ्यावर घासत राहिला.

“आता तिची बोली तुझ्याच तोंडात उरलीय, अण्णा.” मी रेकॉर्डर त्याच्यापुढे सरकवला. “बोल काहीतरी. घरी बोलतोस तसं.”

“व्हय, बोलतो की. त्यात काय!”

लाल दिवा लागला. यंत्रमागांच्या आवाजावर ओरडून घोगरा झालेला घसा त्याने साफ केला. पाठ ताठ केली. सदऱ्याची कॉलर बसवली.

“नमस्कार,” तो म्हणाला. “माझे नाव अनेकांत आहे. माझी आई फार प्रेमळ होती.”