पार्बताबाईंची खूण

पार्बताबाई वारल्या त्या सकाळी, तिरडी उचलायच्या आधी, केशवरावांनी अंगठा कुंकवात बुडवून बायकोच्या उजव्या पापणीवर टेकवला. त्यांच्या घराण्यातली ही जुनी रीत. गेलेलं माणूस फिरून याच घरात जन्माला आलं तर ओळखू यावं, म्हणून खूण करूनच धाडायचं. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसंच.

अकरा महिन्यांनी सुनेला, रागिणीला, मुलगी झाली आणि तिच्या उजव्या पापणीवर फिकट लाल ठिपका निघाला. तेल्हाऱ्याजवळच्या त्या गावात पेढे वाटले गेले ते जन्माचे नव्हतेच, परतीचे होते.

मग काही विचारू नका. बारसं रद्द झालं, कारण नाव आधीच होतं आणि मतदार यादीत अजून कायम होतं. पोरीचा बाप मनोज रोज दुकानावर जाताना तीन आठवड्यांच्या लेकीच्या पाया पडू लागला. केशवरावांची बहीण शकुन नांदगाव पेठेहून आली ती मुक्कामच ठोकून बसली. कुरडयांच्या चिकावरून वहिनीशी तीस वर्षांपूर्वी झालेल्या भांडणाची तिनं पाळण्यापुढं हात जोडून माफी मागितली. वहिनीनं दूध ओकलं. शेजारचे किसनराव दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची बोर कोणाच्या हद्दीत, हे विचारायला आले. पोरीनं मूठ त्यांच्या शेताकडं उगारली तसे ते खूश होऊन घरी गेले आणि कुऱ्हाड घेऊन आले.

केशवरावांना यातलं काही नको होतं. सकाळी चहाची कपबशी घेऊन ते पाळण्याशी बसत. "अवं, यंदा सोयाबीन पिवळं पडून राह्यलं," एवढं सांगत आणि बशीतला चहा पीत. अवं म्हणायला माणूस मिळालं, त्यातच ते सुखी होते.

ठिपका मात्र ठिपका राहिला नाही. दोन महिन्यांत तो बोराएवढा फुगला, लालभडक झाला आणि पापणी खाली ओढू लागला. वहिनी घरात रुळली तशी खूण भरली, असं शकुनचं मत पडलं. तिसऱ्या महिन्यात डोळा झाकलाच गेला.

"मामाजी, सासूबाई असो का आनखी कोनी असो," रागिणी सासऱ्यापुढं उभी राहून म्हणाली, "डोया माह्या पोरीचा हाये. मी उद्या अकोल्याले चालली."

अकोल्याला मग सगळेच गेले. पार्बताबाईंना एकटं कोण सोडणार?

डॉक्टर दामिनी लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांमधल्या जन्मजात दोषांचं शिक्षण घेऊन आलेल्या, तरुण, शांत बाई. त्यांनी केसपेपर पुढं ओढला.

"वय?"

"अडुसष्ट," शकुन म्हणाली.

"तीन महिने," रागिणी म्हणाली.

"घरात आधी कोणाला अशी खूण, गाठ?"

"हिलेच होती," मनोजनं प्रामाणिकपणे सांगितलं. "मागच्या खेपेले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, रागिणीकडं पाहिलं आणि पुन्हा उचललं. वऱ्हाडात दवाखाना चालवायचा तर एवढी सवय लागतेच.

मग त्यांनी गाठीवर थंडगार जेल लावून सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. खोलीत हूश, हूश असा आवाज भरला. शकुननं डोक्यावर पदर घेतला. "वहिनी बोलून राह्यली. देवघरात असीच पुटपुटे."

"हे रक्त आहे, आत्या. बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता झालाय, त्यातून जोरात वाहतंय."

"रक्त तिचंच हाये ना मंग," शकुन म्हणाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. एक प्रकार मुलाबरोबर वाढतो आणि कधीच जात नाही. हा दुसरा, आधी भराभर वाढणारा आणि मग आपोआप विरणारा. एरवी वाट पाहिली असती, पण हा डोळ्यावर बसलाय. पापणी झाकलेली राहिली तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. पुढं गाठ विरली तरी तो डोळा पाहणार नाही. औषध मुळात हृदयाचं, बाळाच्या वजनाप्रमाणे थेंबांत द्यायचं. पहिल्या दिवशी इथं ठेवून ठोके आणि साखर बघायची.

"गाठ जाईन?" रागिणीनं विचारलं.

"जाईल. थोडा डाग राहिला तर राहिला."

गाठ जाईल म्हटल्यावर मनोजचा चेहरा उतरला. जन्मात आईला विचारल्याशिवाय त्यानं सदरासुद्धा शिवला नव्हता. तो लेकीवर वाकला. "माय, औषध घेतं का?"

पोरीनं जांभई दिली.

"नाई म्हंते," शकुन म्हणाली. "खूण गेली तं ते राहीन कुठं? चाल, घरी ने तिले."

"सही मी करीन," रागिणी म्हणाली.

"सही तुमची पुरे," डॉक्टर म्हणाल्या. "पण औषध घरी सहा-आठ महिने द्यायचंय, दिवसातून दोनदा, दूध पाजून, न चुकता. उपाशीपोटी दिलं तर बाळाच्या जिवाला धोका. घरात कोणी ते मोरीत ओतणार असेल, नाहीतर चोरून उपास घडवणार असेल, तर मी सुरूच करणार नाही."

सगळे केशवरावांकडं पाहू लागले. पार्बताबाईंच्या मनातलं सत्तेचाळीस वर्षं ओळखणारे तेच.

केशवरावांनी नातीकडं पाहिलं. ती एकाच डोळ्यानं त्यांच्याकडं पाहत होती. त्यांना बायको हवी होती, खरंच हवी होती. गाठ गेली की सकाळी कोणाशी बोलायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

"खूण डाव्या डोयावर होती," ते म्हणाले.

"बाबा, म्या पाह्यली ना. उजव्या."

"तू समोरून पाह्यली. समोरून जे उजवं ते तिचं डावं."

मनोज हे ताडून पाहायला शकुनसमोर उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. शकुननंही केला. मग ती वळली, तोही वळला आणि दोघं भिंतींकडं तोंड करून उभे राहिले. मागं नर्स ट्रे घेऊन थांबली होती.

"अंगठा माहा होता," केशवराव म्हणाले. "मले माईत हाये. हे ते नोहे." धडधडीत खोटं बोलले ते, आणि बोलताना आवाज जरासुद्धा हलला नाही.

"मंग वहिनी हाये कुठं?" शकुननं विचारलं आणि तशीच बसस्टँडवर गेली. आठवडाभरात तिला अमरावती जिल्ह्यात डाव्या पापणीवर डाग असलेली दोन बाळं आणि एक वासरू सापडलं. चौकशीअंती तिनं वासरू पसंत केलं. सध्या त्याच्या गळ्यात पार्बताबाईंची पोत आहे.

घरी थेंब द्यायचं काम केशवरावांनी स्वतःकडं घेतलं. पोरीचं दूध झालं की चष्मा लावून, मापाची पिचकारी उजेडात धरून, सकाळ-संध्याकाळ. एक वेळ चुकू दिली नाही. गाठ आधी फिकी पडली, मग मऊ झाली, मग बसू लागली. आपल्याच हातानं ते बायकोला रोज थोडं थोडं घालवत होते.

औषधाच्या तिसऱ्या महिन्यात एका सकाळी डोळा सताड उघडला. पोरीनं दोन्ही डोळ्यांनी केशवरावांकडं नीट पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

"मामाजी, परकं वाटलं असन तिले," रागिणी तिला उचलत म्हणाली.

"बराबर हाये," केशवराव म्हणाले.

ते उठून मागच्या अंगणात गेले. पार्बताबाई गेल्या तेव्हा या घरात कोणी रडलं नव्हतं. परत येणाऱ्या माणसासाठी कोण रडतं? केशवराव आज रडले. मोठ्यानं, खांदे हलवून, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. कुंपणाजवळून किसनराव आले, कोण गेलं म्हणून विचारू लागले.

"बायको गेली," केशवराव म्हणाले.

किसनरावांनी पायातल्या चपला काढल्या आणि ते त्यांच्याजवळ बसले.