त्रोल्सच्या तिशीची मिरपूड

डेन्मार्कमधल्या थिस्टेड गावच्या चौकात मित्रांनी त्रोल्सला दिव्याच्या खांबाला बांधलं, तेव्हा त्याला काही नवल वाटलं नाही. तिशी आली आणि लग्न नाही, म्हणजे तिकडच्या रीतीनं अंगावर मिरपूड ठरलेलीच. पंचविशीला तो असाच दालचिनीनं माखला होता. आधी बादलीभर पाणी ओतलं, म्हणजे पूड नीट चिकटते. मग थोरल्या भावानं, आस्गरनं, त्याच्या डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा चढवला. तो मात्र हसत नव्हता.

"डॉक्टरकडे कधी जातोयस?"

"अरे, आज वाढदिवस आहे माझा!"

"म्हणूनच बांधलाय. एरवी सापडतोस कुठे!"

गेल्या हिवाळ्यात कॅन्सरमुळे आस्गरचा एक वृषण काढला होता. तेव्हा डॉक्टर गुनहिल्ड म्हणाल्या होत्या, "दोष एकाच जनुकाचा नसतो. घराण्यातून बरेच बारीकसारीक बदल एकत्र येतात. आईच्या पोटातच काही पेशी मोठ्या व्हायच्या राहतात, पोरकटच राहतात. पुढे त्यांतली एखादी बाराव्या गुणसूत्राच्या तोकड्या भागाच्या जादा नकला काढते आणि वाढत सुटते. भावाला धोका जास्त, त्याला पाठव."

पोरकट म्हटल्यावर आस्गरला आधी त्रोल्सच आठवला होता.

त्रोल्सचं रडगाणं एकच. गुनहिल्डबाई चर्चच्या गायनमंडळात त्याच्या आईशेजारी उभ्या राहायच्या. त्यांच्यासमोर विजार कशी उतरवायची? खरं तर आंघोळीत हाताला काहीतरी कडक लागत होतं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. भीती झाकायला लाज बरी पडत होती.

"फोनवर बोल, नाहीतर अख्खं पोतं रितं करीन," म्हणत आस्गरनं नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाला धरला. मित्रांना चेव आला. मुठी भरभरून मिरपूड उडाली.

"हॅलो, मी त्रोल्स... आक् छी!"

"कुठून बोलतोयस?" गुनहिल्डबाईंनी विचारलं.

"खांबावरून."

"तिशी झाली वाटतं! ये असाच."

"आंघोळ करून येतो ना."

"नको. तेवढ्यात तुझा विचार बदलेल."

दवाखाना शिंकांनी दणाणला. तपासताना बाई शिंकत होत्या, त्रोल्स शिंकत होता, दाराबाहेर आस्गर शिंकत होता. मग बाईंनी हातमोजे काढले.

"मिरीच्या दाण्याएवढी गाठ आहे," त्या म्हणाल्या. "वेळेवर आलास. आणि आईला तू सांग. गायनमंडळात मी फक्त गाते."

तशाच ऑपरेशननंतर आस्गर त्रोल्सच्या खाटेशी बसला होता. त्रोल्सनं त्याला आंघोळीत हाताला लागलेलं सगळं सांगून टाकलं.

"आधी का नाही सांगितलंस, गाढवा?"

"घाबरलो होतो."

"मी काय कमी घाबरलो होतो? उगाच पोतंभर मिरपूड आणली?"

त्रोल्स म्हणाला, "काही बिघडलं नाही. आता आपण दोघं मिळून एक जोडी."

आस्गर खो खो हसला आणि हसता हसता त्याला रडूच फुटलं. "तुझ्या केसांत अजून मिरपूड आहे," तो डोळे पुसत म्हणाला.

नर्सनं त्रोल्सचं डोकं सकाळीच स्वच्छ धुतलं होतं.

"हो, आहे थोडी," त्रोल्स म्हणाला आणि त्यानं भावाचा हात धरून ठेवला.