मोगऱ्याचा कंबरपट्टा

वडगावातून गाडी पहाटे पाचला निघाली. मे महिन्याचं ऊन चढायच्या आत संकेश्वरच्या पुढचा अप्पासाहेबांचा फुलांचा मळा गाठायचा होता. सौम्याला सातवा महिना लागला होता. आधी दोनदा पोट खाली झालं होतं. या खेपेला सुखरूप इथवर आली, म्हणून डोहाळजेवण मळ्यात करायचं आणि तिला फुलांच्या दागिन्यांनी मढवायचं, असं घरात ठरलं.

दागिने करणार होती तिची मोठी जाऊ, राजेश्वरी. तीन वर्षांपूर्वी नवरा काविळीने गेला आणि त्याचे दोन यंत्रमाग तिने चालवायला घेतले. ताण्याचा उभा धागा तुटला की यंत्र थांबवून ती दोन बोटांत अशी गाठ मारायची की कापडात दिसत नसे आणि ओढली तरी सुटत नसे. कळ्या न चुरगळता गुंफायला तसाच हात लागतो.

मळ्यात पोचल्यावर अप्पासाहेबांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मोगऱ्याच्या कळ्या तिच्यापुढे ठेवल्या. "कळी पहाटंच तोडायची बघा. ऊन चढलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय."

राजेश्वरी हसली. आंब्याखाली बसून तिने बाजूबंद केले, बिंदी केली, अबोलीची कर्णफुलं केली. राहिला कंबरपट्टा.

"अंबूमावशी, माप घेते जरा," म्हणत ती सौम्याकडे निघाली.

सौम्याची आई अंबूबाई झटकन मधे आली. "तू तितंच थांब. मी दोऱ्यानं घेतो माप. आजच्या दिवशी तिच्या पोटाला तुजा हात नगो."

अंबूबाईने दोरा आणून दिला. हातात न देता जवळच्या दगडावर ठेवला.

"मावशी, बसवून घेतलं का उभ्यानं?"

"घेतलंय बरोबर. तू गुंफ गप."

राजेश्वरीने गुंफला. दवाखान्यात दोन्ही वेळा सौम्याच्या उशाशी तीच होती. रक्ताने भरलेले कपडे तिनेच धुतले होते. त्या रात्री हा हात कुणालाच नको झाला नव्हता. 'आक्का, तिसऱ्या खेपेला पहिली ओटी तूच भरायची,' असं सौम्याने तिथेच तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यासाठी राजेश्वरीने पिशवीत खण, नारळ आणि तांदूळ बांधून आणले होते.

दागिने तयार झाले तेव्हा दहा वाजले होते. बरोबर आलेल्या गल्लीतल्या सवाष्णी मांडवात जमल्या. सासू मनुबाईने राजेश्वरीच्या कोपराला धरलं.

"चल, आपुन गाडीत बसू."

"आत्या, सौम्यानं मला सांगितलंय..."

"तिला काय कळतंय? तुजा सासरा गेल्यापास्नं मी न्हाय बसली अशी बावीस वर्सं? तुज्या लग्नात तुला हळद लागताना मी मागल्या खोलीत व्हती. मला काय झालं? चल."

गाडीचा पत्रा तापला होता. खिडकीतून मांडव दिसत नव्हता, फक्त ओव्या ऐकू येत होत्या. पिशवीतला नारळ राजेश्वरीच्या मांडीवर होता. मनुबाई पदराने वारा घेत बसली होती. एकीकडे ओवीचे शब्द तिच्या ओठांवर आपोआप येत होते. आवाज मात्र फुटत नव्हता.

तेवढ्यात ओव्या थांबल्या आणि राजेश्वरीची नऊ वर्षांची आरोही धावत आली.

"आई, लवकर चल! काकू पाटावर बसली आन् कंबरपट्टा तट्कन तुटला. कुणालाच जोडाय येत न्हाय. अंबूआजी म्हनत्यात, मागनं ये आन् मागनंच बांधून जा. समोर येऊ नको." पोरीने दम घेतला. "आई, समोर का येऊ नको?"

राजेश्वरीने लेकीकडे पाहिलं. हे पोर आज जे उत्तर ऐकेल, ते जन्मभर बरोबर बाळगेल, हे तिला कळत होतं. तिने नारळाची पिशवी उचलली.

"राजेश्वरी," मनुबाई म्हणाली, "नगो गं. लोक काय म्हनतील?"

"म्हनू देत, आत्या."

सौम्या पाटावर बसली होती. पायाशी कळ्या विखुरल्या होत्या. अंबूबाईने जोडायच्या नादात मूठभर चुरगळल्या होत्या. राजेश्वरी सरळ चालत सौम्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"अगं, मागनं म्हनलो न्हवं!" अंबूबाई किंचाळली. "दोनदा गेलंय माज्या लेकीचं! आता तुजी सावली पाडतीस व्हय?"

तिच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती. राजेश्वरीला तिचा राग आला नाही. पण ती मागेही सरली नाही.

"मावशी, पट्टा तुटला, कारन माप उभ्यानं घेतलं. बसल्यावर पोट पुढं येतंय. मला हात लावू दिला आसता तर बसवूनच माप घेतलं आसतं." ती शांतपणे बोलत होती. "बिंदी माज्या हातची, बाजूबंद माज्या हातचे. हिच्या अंगावरची ही हिरवी साडी माज्या मागावरची. तीन वर्सांत अशा चारशे साड्या विनल्या, गावोगाव लग्नाला गेल्या. त्या इकत घेताना कुनी इचारलं न्हाय, विननारी सवाष्न हाय का म्हनून. माजा हात चालतोय आन् मी चालत न्हाय, हे कसं काय?"

एक बाई म्हणाली, "कामाचं येगळं, ओटीचं येगळं."

"मग मी न्हाय बांधत. मागनं तर न्हायच."

सौम्या एका हाताने पाटाचा आधार घेत उठू लागली. "आक्का ओटी भरनार नसंल तर मी बी बसत न्हाय हितं. आई, दवाखान्यात तू दाराभायेर रडत व्हतीस. आत आक्का व्हती."

अंबूबाई पदर तोंडाला लावून ताडताड गाडीकडे निघून गेली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या.

राजेश्वरी गुडघ्यांवर बसली. आरोहीने कळ्या वेचून दिल्या. पट्ट्यात चार बोटांची भर घालून तिने गाठ मारली आणि तो सौम्याच्या पोटावर स्वतःच्या हाताने बांधला. मग खण, नारळ आणि तांदूळ सौम्याच्या ओटीत घातले. राहिलेल्यांपैकी एकीने ओवी धरली, दुसरीने उचलली.

उरलेल्या कळ्यांचा गजरा राजेश्वरीने तिथेच केला आणि सगळ्यांदेखत आपल्या केसांत माळला. उद्या सकाळी ती तो माळूनच मागावर बसणार होती. गल्लीने बघितलं तर बघू दे.

मांडवाच्या कडेला मनुबाई कधी येऊन उभी राहिली, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या मुठीत मातीत पडलेल्या पाच-सात कळ्या होत्या. ती थोरल्या सुनेजवळ आली आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "माजं केस लई इरळ झाल्यात गं. ऱ्हाईल का?"

राजेश्वरीने तिच्या हातातल्या कळ्या घेतल्या.

"माजी गाठ हाय, आत्या. ऱ्हाईल."