हिरड्याची शाई

खाटेचा पाय कमळ्याच्या हाताच्या बोटांवर होता आणि खाटेवर दोन शिपाई बसले होते. "वाघ्याला कोळशाच्या भट्टीवर तूच मारलंस ना?" असं फौजदार विचारायचा. कमळ्या नाय म्हणाला की तिसरा शिपाई त्याच्या तळपायांवर वेत ओढायचा.

खालापूरच्या चौकीच्या दारात सोमी उभी होती. नवऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून, बघत.

"कबुलीवर तुझा अंगठा आहे," फौजदार म्हणाला. "उद्या अलिबागला नेतो, मग फाशी."

"आंगठा दिला तवा ती 'मीच मारलं' ही शेवटची ओळ नव्हती, सायेब!" कमळ्या किंचाळला. "वाघ्या मरून पडलेला बघितला, येवढंच सांगितलं मी!"

जंगलाचा ठेकेदार हेमचंद्र खुर्चीत पान चघळत होता. भट्टी त्याची, वाघ्या राखणदार त्याचा. तलाठ्यानं चावडीत लिहिलेला हा कबुलीचा कागदही चौकीत यायच्या आधी दोन दिवस त्याच्याच घरी पाहुणचार घेऊन आला होता.

सोमीला अक्षर येत नव्हतं. शाई येत होती.

दर साली ती हिरडे पाडून गावात शाई करणाऱ्या गौराबाईला नेऊन द्यायची. गौराबाई ते हिराकसाबरोबर उकळायची. शाळेत तीच शाई, चावडीतही तीच. बाजारच्या शाईचं नाव काढलं की बाई भडकायची. टीपकागदाच्या पट्टीवर त्या शाईचा ठिपका द्यायची आणि पट्टीचं टोक पाण्यात धरायची. पाणी वर चढलं की काळ्यातून जांभळा सुटायचा, त्याच्या पुढं निळा, सगळ्यांच्या वर पिवळा. "बघ गं सोमे, एका पोटात किती बिऱ्हाडं! आणि आपली? दगड! जागची हलत नाही!"

"सायेब," सोमी म्हणाली, "त्यो कागद पान्यात धरा."

हेमचंद्र खो खो हसला. "वाचता येत नाही म्हणून धुऊन बघतेस का गं?"

सोमीनं फौजदाराच्या हातातल्या कागदावर झडप घातली. शिपायाचा दंडुका तिच्या खांद्यावर बसला, हेमचंद्राची लाथ कमरेत. ती तोंडावर आपटली, पुढचा दात फरशीवर उडाला. पण कागदाची खालची कड फौजदाराच्या तांब्यात पोचली होती.

"थांबा," फौजदार म्हणाला.

पाणी कागदातून वर चढलं. अंगठा जिथल्या तिथं राहिला. त्याच्या वरची ओळ मात्र फुटली. जांभळी झाली, निळी झाली, पिवळी झाली, आणि ते रंग वरच्या ओळींमधून सरकत गेले. वरच्या ओळी हलल्या नाहीत.

फौजदारानं हेमचंद्राच्या खिशातलं पेन उपसलं, टीपकागदावर ठिपका दिला, टोक तांब्यात धरलं. तेच तीन रंग, त्याच क्रमानं.

फौजदाराला कमळ्याची दया आली असं नाही. आपल्याला कुणीतरी गाढव केलं, याचा त्याला राग आला. त्यानं हेमचंद्राच्या थोबाडीत अशी दिली की पानाची पिंक भिंतीवर उडाली. मग मानगूट धरून त्याला खाटेकडं ओढत तो ओरडला, "हात खाली ठेव! वाघ्याला कुणी मारलं?"

"सायेब," तोंडातलं रक्त थुंकून सोमी म्हणाली, "खाट कुनावर ठेवायची ती ठेवा. पयली आमच्या मानसावरनं उचला."

शिपाई उठले. कमळ्याची चार बोटं काळीनिळी, चपटी झाली होती. त्या हातानं आता झाडावर चढणं नव्हतं.

"हिरडा कोन पाडंल गं?" तो एवढंच म्हणाला.

"मी पाडीन. तू खाली बसून शिव्या दे," सोमी म्हणाली, आणि त्याला खांद्यावर, मार न लागलेल्या खांद्यावर, घेऊन पायरी उतरली.