बाजूचा तांब्या

हनुवटीवरचे चार केस. डिंकाचे लाडू. रेल्वेच्या दवाखान्यातला हिरवा पडदा. कोरेगाव भीमाहून आलेलं एक स्थळ. जुन्या लुगड्याचं शिवलेलं, कधीच न वापरलेलं दुपटं. एक कावळा, जो वेळेवर येत नव्हता.

यातल्या कशाचं कशाशी नातं आहे, असं तुम्हाला वाटणार नाही. मलाही पुष्कळ दिवस वाटलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याशी बोलतोय तो एक जुना तांब्या आहे. पितळेचा नाही, जर्मनचा. अॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. शिरूरच्या आठवडे बाजारात केंदूरच्या झुंबरबाईंनी मला उचललं, बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा बाजूला व्हईल." मी हरखलो. मला वाटलं, बाजूला म्हणजे कुणाच्या तरी जवळ.

तसं नव्हतं. घरची पितळी भांडी चुलीपाशी मांडणीवर राहत. मी बाहेर, पडवीच्या कोनाड्यात. घरातल्या बाईला महिन्याची पाळी आली की ती पडवीत वेगळी बसे. त्याला 'बाजूला बसणं' म्हणत. मुलांनी विचारलं तर 'कावळा शिवला' असं सांगत. तेवढे दिवस ती माझ्यातून पाणी पिई. एरवी मला कुणी हात लावत नसे.

मग अंजना सून होऊन आली. तिचा नवरा मच्छिंद्र दौंडला रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस होता, आठवड्याला घरी यायचा. अंजना अंगानं भरलेली, हसरी. पहिल्यांदा बाजूला बसली तेव्हा तिनं मला राखेनं लखलखीत घासलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "ह्याच्यातलं पाणी लई गार लागतंय." माझं तेवढं कौतुक आधी कुणी केलं नव्हतं. कुणी नसताना ती दोऱ्यानं हनुवटीवरचे केस उपटायची आणि पदर ओढून घ्यायची. ते फक्त मला ठाऊक होतं.

आषाढ. कोरडा.

श्रावण. कोरडा.

भाद्रपद. कोरडा. माझ्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं.

झुंबरबाईंनी ते जाळं पाहिलं आणि त्यांना आनंदानं रडू फुटलं. तांब्या कोरडा म्हणजे सून पोटुशी. त्या घरात हे असंच मोजलं जात होतं. डिंकाचे लाडू वळले गेले. तूप, गूळ, "दोन जिवांची हायस, खा". दुपटं शिवलं. अंजनाचं अंग आणखी भरलं, आणि ते पाहून आळीतल्या बायका म्हणाल्या, "मुलगाच हाय."

अश्विनात ती अचानक बाजूला बसली. रक्त फार गेलं. घर सुन्न झालं. "पडलं," झुंबरबाई म्हणाल्या.

पुढे पुन्हा तेच झालं. आणि पुन्हा. तीन वेळा मी कोरडा पडलो, तीन वेळा लाडू वळले, तीन वेळा 'पडलं'. पडवीत एकटी असताना अंजना मला मांडीवर घेऊन बसायची. न आलेल्या तिघांना तिनं नावं ठेवली होती. ती मी कुणाला सांगणार नाही.

तिसऱ्या खेपेला रक्त थांबेचना. दिवस उलटत होते आणि तिचा मुक्काम पडवीतच होता. तेव्हा झुंबरबाईंचे भाऊ हौसराव आले. ओसरीवर पान जुळवत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आक्का, हिच्या कुशीत ठरत न्हाई. कोरेगावला पोरगी हाय. शेती हाय. करून टाका मच्छिंद्राचं."

मच्छिंद्र म्हणाला, "मामा, रेल्वेत दुसरी बायको केली तर नोकरी जाती."

"मग पयलीची काडीमोड कर. तवा तरी नोकरी ऱ्हाती का न्हाई?"

पडवीत अंजनानं मला इतकं घट्ट धरलं की माझ्या कडेला पोचा आला. तो अजून आहे.

मग मच्छिंद्र म्हणाला, "एकदा दौंडला दाखवू. रेल्वेच्या दवाखान्यात बायकोला फुकट बघत्यात."

"दवाखान्यात?" झुंबरबाई दचकल्या. आणीबाणी नुकतीच उठली होती. दवाखाना म्हटलं की मूल होऊ नये म्हणून नस कापतात, असंच गावात बोललं जायचं. "हिचं हुतं त्ये बी बंद करतील."

"आई, तू चल संगं. तुझ्यादेखत तपासतील."

"बरं," हौसराव म्हणाले, "दाखवा. पर मी कोरेगावच्या लोकास्नी सुगीपस्तोर थांबा म्हणून सांगतो, नको म्हणून न्हाई."

अंजनाची पाळी संपली नव्हती, म्हणून पिशवीत मीही. ती एसटीत बसली तीही एका कडेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला हिरव्या पडद्याआड नेऊन नीट तपासलं. मग बाहेर येऊन विचारू लागल्या.

"तीनदा दिवस गेले होते म्हणता. लघवी तपासली होती?"

"न्हाई."

"सुईणीनं पोट पाहिलं होतं?"

"न्हाई."

"मग दिवस गेलेत हे सांगितलं कुणी?"

झुंबरबाईंनी लांबूनच पिशवीकडे बोट केलं. अंजनानं मला काढून टेबलावर ठेवलं.

"ह्यानं," झुंबरबाई म्हणाल्या.

बाईंनी मला पाहिलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. सगळं समजून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "आजी, पाळी चुकली म्हणजे दर वेळी दिवस राहिले असं नसतं. बाईच्या पोटात दोन्ही अंगांना बीजं असतात. महिन्याला एक पिकतं आणि सुटतं. हिची पुष्कळ बीजं एकदम वाढायला लागतात, पण पुरतं पिकत एकही नाही. बारीक पुळ्यांसारखी तिथंच राहतात."

झुंबरबाई माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या रानात वाढलेल्या. "म्हंजी कळ्या लई, पर उमलत न्हाईत?"

"अगदी तसं. म्हणून पाळी लांबते, आणि मग साठलेलं एकदम जातं. वजन वाढतं. हनुवटीवर केस येतात तेही त्यातलंच."

अंजनाचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. "बाई, मग माझी तीन...?"

"मला दिसतंय त्यावरून तरी ती नव्हतीच गं. तू काही गमावलं नाहीस."

अंजना खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मंजी मी कुणाला मारलं न्हाई."

मग बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, आणि सांगितलं की गोळ्या हे अर्धंच औषध. लाडू बंद. तूप-गूळ बेतानं. वेळेवर जेवण आणि रोज चालणं.

"पोरीला उपाशी ठिवू व्हय?"

"उपाशी नाही ठेवायचं, त्यानंही बिघडतं. आणि आजी, हे एकदा गोळी घेऊन विसरायचं दुखणं नाही. सांभाळत राहावं लागेल."

घरी हौसराव वाट पाहत होते. झुंबरबाई पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "हौस्या, पडलंच न्हाई तर ठरत न्हाई कशावरनं म्हणतोस? कोरेगावला नको म्हणून सांग. आन् त्यो लाडवाचा डबा घिऊन जा."

ज्येष्ठ. भरलेला.

आषाढ. भरलेला.

श्रावण. कोरडा. कुणी लाडू वळले नाहीत.

भाद्रपद. भरलेला.

ज्येष्ठात अंजना बाजूला बसली, तेव्हा झुंबरबाई आळीभर गूळ वाटत फिरल्या. शेजारच्या रतनबाई म्हणाल्या, "आत्याबाई, ह्याचा कुणी गूळ वाटतं व्हय?" "मी वाटते," झुंबरबाई म्हणाल्या. अंजनाला मात्र त्यांनी एक खडाही दिला नाही. ती सकाळ-संध्याकाळ मळ्यापर्यंत चालत जाई. केस येतच राहिले, पण ती आता अंगणात उजेडाला बसून दोरा लावी.

तुम्ही विचाराल, मूल झालं का? झालं, पुष्कळ दिवसांनी, ललिता. पण ललिता झाली नसती तरी ही गोष्ट मी अशीच आनंदानं सांगितली असती. अंजना आपल्या घरात मान वर करून वावरू लागली होती, ती त्याआधीच.

आता मी मळ्यात असतो, मिरचीच्या रोपांना पाणी घालतो. मित्रांनो, आणि विशेषतः मुलींनो, पाळी लांबली, फार आली किंवा आलीच नाही, तर ते कोनाड्यात ठेवू नका. आईला सांगा, आईनं डॉक्टरांना सांगावं. अंदाजानं कुणाला पोटुशी ठरवू नका आणि अंदाजानं वांझही ठरवू नका. मी साधं भांडं आहे. माझ्यात पाणी मावतं. बाईचं आयुष्य माझ्यावरून मोजू नका. ज्यांनी विचारलं, ज्यांनी समजावलं आणि ज्यांनी ऐकून घेतलं, त्या सगळ्यांचे मी आभार मानतो.

दौंडहून परतताना शिरूरच्या एसटी स्टँडवर अंजना माझ्यातून पाणी प्यायली, आणि उरलेलं झुंबरबाई प्यायल्या.