लाभलेलं घर

घर बघायला आलेला माणूस आधी नळ सोडून पाहतो, मग भिंतीवर टिचकी मारतो, गच्चीवर जाऊन शेजाऱ्याच्या गच्चीत डोकावतो. हे सगळं उरकलं की निघताना, चपला घालता घालता, सहज आठवल्यासारखं विचारतो, “यांना घर लाभलं ना?” देवेंद्र मुळ्येला घरांच्या दलालीत एवढ्या वर्षांत कळून चुकलं होतं की आधीचं सगळं नाटक असतं, खरा प्रश्न हाच. मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला म्हणून घर विकायचंय म्हटलं, की ओल आलेली भिंतसुद्धा लोकांना चालते. दुकान बसलं म्हणून विकायचंय म्हटलं, की चांगल्या संगमरवरी फरशीलाही नाकं मुरडतात.

देवेंद्रच्या जिभेला हाड नव्हतं आणि धंद्यात त्याचं त्यामुळे काही अडलंही नव्हतं. भिंतींची डागडुजी मालकानं करायची आणि नशिबाची देवेंद्रनं, अशी त्यानं वाटणीच करून टाकली होती. कुणाचा नापास झालेला मुलगा तो पुण्याला शिकायला पाठवी, तर कुणाच्या घटस्फोटित लेकीला सासरी सुखात नांदवी. सौदा झाला, रजिस्ट्री झाली, की त्या थापा जिथल्या तिथं विरून जात. कुणाचं काही बिघडत नसे. निदान त्याला तसं वाटायचं.

दिनानाथ सरांच्या घरापाशी मात्र त्याची जीभ अडली.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, गिरणीकामगारांच्या जुन्या वस्तीला लागून असलेल्या गल्लीत सरांचं घर होतं. खाली दोन खोल्या, पुढं थोडं अंगण आणि वर एक खोली. मराठी शाळेत सरांनी देवेंद्रला गणित शिकवलं होतं आणि ते त्याला कधीच आलं नाही, हे दोघांनाही मान्य होतं. सरांना एकच मुलगी, सुरभी. सांवेर रोडच्या एका औषधांच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. एका मे महिन्यात दुपारी कामावरून आली, वरच्या खोलीत गेली आणि चालू कूलरमध्ये पाणी भरायला लागली. सरांच्या पत्नी सरोजिनीकाकू पन्हं घेऊन वर गेल्या तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती. विजेचा धक्का बसला होता. दवाखान्यात नेण्यासारखंसुद्धा काही उरलं नव्हतं.

सगळी गल्ली त्या दिवशी सरांच्या अंगणात बसून होती. पुढं दरवर्षी तो दिवस आला की समोरच्या यमुनाबाई सकाळीच येऊन बसत, कुणी वरणभात आणून ठेवी, कुणी नुसतंच येऊन सुरभीच्या लहानपणच्या खोड्या सांगत बसे. काकू ऐकत, रडत आणि संध्याकाळी थोडं जेवत.

पण बाकीच्या दिवसांचं काय? सरोजिनीकाकू एक दिवस स्वतः रिक्षा करून देवेंद्रच्या ऑफिसात आल्या. त्यानं दिलेलं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

“देवेंद्र, मला तिथून काढ,” त्या म्हणाल्या. “उन्हाळा लागला की गल्लीभर कूलर सुरू होतात. रात्रंदिवस तोच आवाज. मी कानात बोळे घालून पडते रे. सर काही बोलत नाहीत, पण तेही झोपत नाहीत. आणखी एक उन्हाळा त्या घरात काढला, तर माझं डोकं फिरेल. खरंच सांगते.”

“काकू, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. आपण लगेच पार्टी लावू,” देवेंद्र म्हणाला. हे तो सगळ्यांनाच म्हणायचा.

पार्ट्या लागल्या आणि गेल्या. घर आवडायचं, भाव पटायचा, मग संध्याकाळी तीच पार्टी एकटी परत येऊन कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीपाशी उभी राहायची आणि गल्लीला विचारायची. गल्ली खोटं कशाला बोलेल? “हो, तेच ते, कूलरवालं घर.” दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. एकानं तर पोहे अर्धेच टाकून गाडी वळवली होती. बघता बघता एक उन्हाळा गेला, मग दुसराही गेला. काकू वाळत चालल्या. देवेंद्रला त्या गल्लीतून जाताना मान खाली घालावीशी वाटू लागली.

मग नचिकेत आणि शमिका आले. दोघं मूळचे बऱ्हाणपूरचे, इंदुरात दोनतीन वर्षांपूर्वीच आलेले, परदेशीपुऱ्यात कुणाला ओळखत नव्हते. निपानियाला एका मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा छोटा फ्लॅट होता. नचिकेत सांवेर रोडच्या एका कारखान्यात कामाला, ते परदेशीपुऱ्याहून जवळ. शमिकाला दिवस गेले होते आणि तिला बाळासाठी अंगण हवं होतं. देवेंद्रचं डोकं चालू लागलं. सर आणि काकूंना छोटा फ्लॅट पुरे, यांना घर हवंय. यांचा फ्लॅट त्यांना, त्यांचं घर यांना! एका दगडात दोन पक्षी मारण्याची ही त्याची आवडती रीत होती. या कल्पनेवर तो इतका खूश झाला की स्वतःलाच त्यानं स्कूटरवर शाबासकी दिली.

आता प्रश्न फक्त गल्लीचा होता. देवेंद्र एकेका दारात गेला. सगळ्यांत शेवटी यमुनाबाईंकडे गेला, कारण त्यांचं तोंड बंद झालं तर सगळ्या परदेशीपुऱ्याचं बंद होणार होतं.

“सरांसाठी एवढं करा,” तो म्हणाला. “कुणी विचारलं तर सुरभी लग्न होऊन बंगलोरला गेली म्हणायचं.”

यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. “भिया, मेरे हाथ से खाना खाया है उस लड़की ने. तिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, आणि आता मीच म्हणू ती बंगलोरला गेली?” मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, “ठीक आहे. सरोजिनी सुटेल तर म्हणते. गल्लीत कुणी काही बोलणार नाही, जबान देते.”

त्याच संध्याकाळी तो सरांकडे गेला. सर ऐकून घेऊन उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. काकू मात्र नीट मांडी घालून बसल्या.

“बंगलोरला कुठल्या कंपनीत आहे ती?” त्यांनी विचारलं.

“काहीही सांगा. औषधांच्याच.”

“आणि जावई काय करतात?”

देवेंद्र घाईघाईनं म्हणाला, “काकू, एवढं कुणी विचारणार नाही.”

“बायका विचारतात,” काकू म्हणाल्या. “मला नीट सांगून ठेव. मी अडखळले तर सौदा मोडेल.”

मग त्यानं सांगितलं. जावई सॉफ्टवेअरमध्ये, नाव उन्मेष, सासू-सासरे चांगले. काकूंनी एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं, शाळेतल्या मुली कविता पाठ करतात तसं. देवेंद्रनं त्या रात्री घरी जेवण टाकलं. पण काम थांबवलं नाही.

शमिका घर बघायला आली तेव्हा नळ, भिंत, गच्ची सगळं यथासांग झालं. वरच्या खोलीत ती बराच वेळ रेंगाळली. खिडकीतून वारा येत होता. “इथं पाळणा मस्त बसेल ना?” ती नवऱ्याला म्हणाली. दाराशी उभ्या देवेंद्रनं भिंतीकडे तोंड केलं. खाली आल्यावर चपला घालता घालता तिनं विचारलंच.

“काकू, तुम्हाला घर लाभलं ना?”

“लाभलं गं,” सरोजिनीकाकू म्हणाल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही. “आमच्या सुरभीचं सगळं याच घरात झालं. शिकली, नोकरीला लागली, या अंगणातच मांडव पडला. बंगलोरला असते आता. जावई फार गुणी आहेत. आम्हाला म्हणतात, एवढं मोठं घर कशाला सांभाळता?”

शमिकानं वाकून त्यांना नमस्कार केला. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात त्यांना लवकर उचलता येईना. देवेंद्रला वाटलं, आता सगळं फुटणार. पण काही फुटलं नाही. संध्याकाळी नचिकेत रीतीप्रमाणे कोपऱ्यावर जाऊन आला आणि गल्लीनं जबान पाळली. दिवाळीनंतर रजिस्ट्री झाली. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा यमुनाबाई रडल्या, पण नव्या लोकांसमोर आपण कशासाठी रडतोय हे त्यांना सांगता आलं नाही.

देवेंद्र आपल्यावर बेहद्द खूश होता. ज्या घराला कुणी हात लावत नव्हतं ते त्यानं खपवलं होतं, काकूंना सोडवलं होतं, तेही उन्हाळ्याच्या आत. सुरुवातीला तो दोनतीनदा निपानियाला डोकावला. काकूंना झोप लागत होती. मल्टीत सगळ्यांकडे एसी, कूलरचा आवाज नाही. सर सकाळी फिरायला जात. नंतर नवे सौदे आले आणि त्याचं जाणं राहून गेलं.

मे महिन्यात, सुरभीच्या दिवशी, त्याला राहवेना. सकाळीच फुलं घेऊन तो निपानियाला गेला. दार सरांनी उघडलं. हातातली फुलं पाहून त्यांनी आधी जिन्यात डोकावलं, मग त्याला घाईनं आत घेतलं आणि दार लावलं.

भिंतीवर सुरभीचा फोटो नव्हता. काकू कपाटासमोर पाटावर बसल्या होत्या. कपाटाचं दार उघडं होतं, आत साड्यांच्या चळतीवर फोटो टेकवून ठेवला होता आणि त्याला हार घातलेला होता.

“काकू, हे आत का?” त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं.

तेवढ्यात घंटा वाजली. काकूंनी कपाट लावलं, डोळे पुसले, उठल्या. दारात शेजारची श्रेया होती, शमिकाची जुनी मैत्रीण. हातात वाटी होती.

“काकू, गुलाबजाम. शमिकाकडून आणलेत, काल बाळाचं बारसं झालं ना. ती खूप याद करत होती तुम्हाला. आणि सुरभीदीदी या छुट्टीत येणार आहे ना? आम्हाला सगळ्यांना मिलायचंय तिला.”

“नाही गं, सुटीच नाही मिळाली तिला,” काकू हसून म्हणाल्या. “उन्मेषची पण बदली व्हायची आहे. दिवाळीत बघू.”

“नंबर तरी द्या ना तिचा. शमिका कब से मागतेय.”

“देईन हं. तिचा फोन बदललाय सध्या.”

श्रेया गेली. काकू वाटी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आज मुलीच्या दिवशी घरात गोड आलं होतं. देवेंद्रला कुठं बघावं कळेना. ही मल्टी नचिकेत-शमिकाच्या ओळखीची, प्रत्येक मजल्यावर त्यांची मैत्री. त्यांनीच सगळ्यांना कौतुकानं सांगून ठेवलं असणार, आमच्या जागी येणारे काका-काकू कसे छान, मुलगी बंगलोरला कशी सुखात. त्यानं स्वतःच्या हातानं या दोघांना आणून त्या थापेच्या मधोमध बसवलं होतं, आणि वर शाबासकीही घेतली होती.

“काकू, सांगून टाकू आता,” तो म्हणाला. “रजिस्ट्री झालीय. कोण काय करणार? मी सांगतो, माझं नाव येऊ दे.”

“आणि शमिकाला?” काकूंनी विचारलं. “बाळाला वरच्या खोलीत निजवते ती. परवा फोनवर सांगत होती, दुसरीकडे कुठं झोपतच नाही म्हणे. तिला काय सांगू? त्या खोलीत काय झालं ते सांगू? ओल्या बाळंतिणीला?”

काकूंनी वाटी झाकून ठेवली.

“मागच्या वर्षी या वेळेला यमुना आली होती,” त्या म्हणाल्या. “गच्चीवरच्या पतंगाचं सांगत होती. सुरभीनं तिच्या लुगड्याच्या चिंध्या करून शेपटी लावलेली. आज सकाळी तिचा फोन आला. मी बाथरूममध्ये जाऊन बोलले. तीही हळूच बोलत होती, शमिका अंगणात बाळाला घेऊन बसली होती म्हणून. दोन मिनिटांत ठेवला आम्ही.” त्यांनी बंद कपाटाकडे पाहिलं. “तिथं झोप येत नव्हती रे, पण रडता तरी येत होतं. इथं माझी पोर रोज जिवंत असते. रोज तिचं काही ना काही सांगावं लागतं. मागच्या महिन्यात मी तिला नवी गाडी घेऊन दिली.”

सर इतका वेळ खिडकीशी पाठमोरे उभे होते. देवेंद्र निघाला तसे ते त्याच्याबरोबर दारापर्यंत आले. त्यांचा आवाज शाळेतल्यासारखाच होता, सावकाश आणि स्पष्ट.

“देवेंद्र, आमच्यासाठी आणखी एक घर बघ.”

“बघतो ना सर. कसं पाहिजे?”

“कसंही चालेल. एक खोली असली तरी चालेल. फक्त आजूबाजूच्या चार लोकांना माहीत असलं पाहिजे, की आमची मुलगी गेली आहे.”

इंदूरची एकूण एक वस्ती देवेंद्रला तोंडपाठ होती. असं घर शहरात एकच होतं, आणि ते त्यानं विकलं होतं.

“बघतो सर,” तो म्हणाला, आणि चपला घालू लागला.