धारेवरचं घर

१९९७ सालच्या भाद्रपदात भूमापन खात्यातली संध्या गांगुर्डे पेठच्या वरच्या डोंगरातल्या एका पाड्यावर मोजणीला गेली. काम सोपं होतं. डोंगराच्या धारेवर खुणेचे दगड रोवायचे. धारेच्या पूर्वेचं पाणी गोदावरीला मिळतं, तो देश. पश्चिमेचं दमणगंगेला, ते कोकण. पाड्यातलं शेवटचं घर नेमकं कुठल्या बाजूला, यावर जुन्या नकाशांचं एकमत नव्हतं.

घर सुलाबाईचं. ती एकटीच राहायची. नवरा सहादू चार वर्षांपूर्वी खाली वलसाडकडे कामाला गेला आणि दमणगंगेच्या पुरात वाहून गेला. प्रेत मिळालंच नाही.

पहिल्या दिवशी धार अंगणाच्या पश्चिम कडेने गेली. म्हणजे घर देशात. सोबतच्या मदतनीस हिरामणने तिथे खुंटी ठोकली. सुलाबाईचा चेहरा पडला.

"बाई, तिकडच्या पाण्यानं नेला त्याला. तो तिकडचाच झाला. धार वलांडता येत नाय. रोज येतो न् तिथंच थांबतो."

संध्याच्या घरी भुतंखेतं कुणी मानत नव्हतं. ती समजूत घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. भरदुपारी अंगण दिसेनासं झालं. खुंटीच्या पलीकडे एक माणूस उभा होता. पाऊस नव्हता, तरी तो निथळत होता आणि त्याच्या अंगावरचं पाणी उताराने कोकणाकडे वाहत होतं. सुलाबाई दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. धुकं विरलं तेव्हा तिथे नुसती ओली माती होती.

"मॅडम, तुम्ही पण पाह्यलं ना?" हिरामणने विचारलं. संध्याने वही उघडून मापं पुन्हा तपासली.

दुसऱ्या दिवशी तिने खात्री करायला पुन्हा लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावली. धार थेट घराच्या उंबऱ्यातून गेली.

"डोंगर कधी सरकतो का, मॅडम?"

"काल आपलंच चुकलं असेल," ती म्हणाली. पण कालची मापं तिने स्वतः दोनदा तपासली होती.

त्या दुपारी तो उंबऱ्याशी आला. आत पाय टाकेना. सुलाबाईने हात पुढे केला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

धुकं गेल्यावर ती संध्याच्या पायाशी बसली. "दगड घरामागं रोवा, बाई. एवढं करा."

"मनाने नाही रोवता येत, मावशी."

"मग मोजा परत."

तिसऱ्या दिवशी संध्याने आधी उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवर लेव्हल तपासली. ती बरोबर होती. मग मोजलं. धार घराच्या मागच्या भिंतीपलीकडे गेली होती. तिने परसात तांब्याभर पाणी ओतलं. ते भिंतीला वळसा घालून कोकणाकडे निघालं. तिने हिरामणला तिथेच दगड रोवायला सांगितलं.

धुकं आलं. घरातून भांड्याचा आवाज आला, मग पुरुषाचं खोकणं.

"सुलामावशी!"

"आता जा बाई," आतून शांत आवाज आला. "जेवाय बसलेत."

दिवाळीनंतर दगडांची पाहणी करायला संध्या पुन्हा आली. घराचं दार उघडं होतं, चूल थंड, आत कुणी नाही. शेजारची भागीबाई अंगणात नागली पाखडत होती.

"सुला गेली कोकणात. मालकासंग." तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं, हेवा होता. सूप बाजूला ठेवून ती जवळ आली. "बाई, आमचा पोरगा लहानू बी तिकडंच बुडाला. आमचं घर कधी मोजता?"

तिचं घर धारेपासून बरंच आत, सरळसरळ देशात होतं. मोजण्यासारखं काही नव्हतंच. पण दरीतून धुकं चढायला लागलं होतं, आणि मागच्या घरांतूनही बायका बाहेर येऊन संध्याकडे बघत उभ्या राहिल्या होत्या.

हिरामण न विचारताच लेव्हलची पेटी उचलून जीपकडे चालू लागला. संध्या त्याच्या मागोमाग गेली. त्या धारेवर तिने पुन्हा मोजणी घेतली नाही.